जुन्या शेव्हेलमध्ये नवं एलएस इंजिन: कापण्याआधी काय मोजायचं

१९६८ ते १९७२ या काळातली शेव्हरले शेव्हेल अमेरिकेत आजही हाती लागते. त्यातल्या बहुतेक गाड्या एसएस, म्हणजे सुपर स्पोर्ट हा जोरकस प्रकार, नसतात. साधी मालिबू, ३०७ किंवा ३५० घनइंचाचं इंजिन, दोन बॅरलचा कार्ब्युरेटर. १९७२ च्या कॅटलॉगमध्ये त्या दोन बॅरलवाल्या ३५० ची ताकद १६५ हॉर्सपॉवर लिहिलेली आहे. त्याच कंपनीच्या सिल्व्हराडो पिकअपमधलं एलएस घराण्यातलं ५.३ लिटरचं इंजिन, ज्याचा कोड एलएम७, वर्षानुसार २७० ते २९५ हॉर्सपॉवर देतं, थंडीत पहिल्या किल्लीला सुरू होतं आणि पेट्रोलही कमी पितं. त्यामुळे जुनं इंजिन काढून हे नवं बसवण्याचा बदल लोकप्रिय झाला यात नवल नाही.

इंजिन क्रेनला टांगून खोबणीत बसवणं हे या कामातलं सगळ्यात सोपं काम आहे. दोन माणसं दोन दिवसांत ते उरकतात. त्यानंतर गाडी वर्षभर घोड्यांवर (जॅक स्टँडवर) उभी राहते ती पेट्रोलची लाइन, रेडिएटर, वायरिंग आणि प्रोपेलर शाफ्ट यांच्यामुळे. अर्धवट सोडून विकायला काढलेल्या अशा गाड्या पाहिल्या तर इंजिन जागेवर असतं आणि बाकीचं खोक्यांत भरलेलं असतं. म्हणून या लेखात इंजिनापेक्षा त्याच्या भोवतालच्या गोष्टींवर जास्त वेळ घालवणार आहे.

गाडी कोणती घ्यायची

अस्सल एसएस ४५४ किंवा मूळ इंजिनाचे आकडे जुळणारी गाडी असेल तर हे काम करू नका. १९७२ च्या गाडीत चासी क्रमांकातलं पाचवं अक्षर इंजिनाचा कोड सांगतं. डब्ल्यू असेल तर गाडी ४५४ घेऊनच कारखान्यातून निघाली होती. त्याआधीच्या वर्षांच्या क्रमांकात ही सोय नाही, तिथे मूळ बिल्ड शीट, म्हणजे कारखान्यातला जुळवणीचा कागद, शोधावी लागते. साधी मालिबू असली तरी जुनं इंजिन भंगारात देऊ नका. तेल मारून, झाकून ठेवा. पुढच्या मालकाला ते हवं असतं.

मिशिगन, ओहायो या हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकणाऱ्या राज्यांतली गाडी असेल तर आधी चासी पाहा, रंग नंतर. मागच्या ॲक्सलवरून चासी जिथे कमानीसारखी वर जाते तिथे आतून गंजते आणि बाहेरून शाबूत दिसते. हातोडीने हलकेच ठोकून बघा. तिथे बद्द आवाज आला तर नव्या इंजिनाचा टॉर्क त्या चासीवर टाकण्यात अर्थ नाही.

इंजिन: सुटं नको, संच घ्या

एलएस घराण्याची सुरुवात १९९७ च्या कॉर्व्हेटमधल्या ५.७ लिटरच्या एलएस१ पासून झाली. पैसे असतील तर ६.२ लिटरचं, ४३० हॉर्सपॉवरचं एलएस३ कोरं विकत मिळतं. माझं मत मात्र पिकअपमधल्या लोखंडी ब्लॉकच्या ५.३ कडे झुकतं. वजन थोडं जास्त आहे, पण मूळचं ३५० सुद्धा लोखंडीच होतं, त्यामुळे पुढच्या स्प्रिंगला फार फरक जाणवत नाही.

अपघातात गेलेला अख्खा ट्रक, म्हणजे पिकअप, मिळाला तर उत्तम. नाहीतर भंगार यार्डातून घेताना इंजिन, गिअरबॉक्स, टॉर्क कन्व्हर्टर, न कापलेला वायरिंग हार्नेस (वायरींचा जुडगा), ईसीएम (इंजिनाचा संगणक), ॲक्सिलरेटर पेडल आणि थ्रॉटल बॉडी हे सगळं एकाच गाडीचं घ्या. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल असेल तर पेडल, त्याचं कंट्रोल मॉड्यूल आणि थ्रॉटल बॉडी हे एकमेकांचेच लागतात. वेगवेगळ्या वर्षांचे तुकडे जोडून वाचवलेले पैसे पुढे वायरिंगवाल्याच्या खिशात जातात.

ट्रकच्या चासी क्रमांकातलं आठवं अक्षर टी असेल तर ते एलएम७. जुन्या पिढीच्या इंजिनांत क्रँकवरच्या सेन्सरच्या चाकाला २४ खुणा असतात, नव्यात ५८. दोन्हींचे ईसीएम वेगळे. नव्या पिढीतल्या अनेक ५.३ इंजिनांत हलक्या लोडला चार सिलिंडर बंद करणारी यंत्रणा असते आणि तिचे लिफ्टर खराब होतात. पहिल्यांदाच हे काम करणाऱ्याने २४ खुणांचं जुनं इंजिन घ्यावं.

घेण्याआधी व्हॉल्व्ह कव्हर काढून पाहा. ७०६ क्रमांकाच्या हेडवर कॅस्टेक या ओतशाळेची खूण असेल तर जपून, कारण त्यातल्या काही हेडना आतून तडे जाऊन कूलंट तेलात उतरतं. कव्हरखाली पिवळसर फेस दिसला तर ते इंजिन तिथेच सोडा.

इंजिन स्टँडवर आहे तोवर पुढचं आणि मागचं सील, वॉटर पंप, तेल खेचणाऱ्या पिकअप नळीची ओ-रिंग आणि इनटेकखालचे नॉक सेन्सर बदला. ती ओ-रिंग अगदीच किरकोळ किमतीची. पण ती कडक झाली की पंप हवा ओढतो, ऑइल प्रेशर पडतं, आणि इंजिन गाडीत बसल्यावर तिथे पोहोचायला ऑइल पॅन उतरवावा लागतो.

आधी मोकळी जुळवणी

रिकामा ब्लॉक, त्यावर हेड, आणि गिअरबॉक्सचं रिकामं कवच मिळालं तर त्यांच्यावरच सगळी मापं घ्या. पूर्ण इंजिन वीस वेळा वर-खाली करण्यात पाठ जाते आणि रंगही जातो.

पहिला अडथळा ऑइल पॅन. ट्रकचा पॅन खोल असतो, तो शेव्हेलच्या क्रॉसमेंबरवर (चासीच्या आडव्या पट्टीवर) बसतो किंवा जमिनीच्या फार जवळ येतो. जनरल मोटर्सचा जुन्या गाड्यांसाठी काढलेला पॅन मिळतो, होली कंपनीचेही मिळतात. पॅन बदलला की पिकअप नळी आणि त्यावरची जाळीची प्लेटही त्याच संचातली घ्या. पॅन बसल्यावर स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा आणि सेंटर लिंक, म्हणजे स्टिअरिंगची आडवी दांडी, पॅनला कुठे घासते का ते खाली झोपून पाहा. पुढची चाकं हवेत असताना आणि जमिनीवर असताना, दोन्ही वेळा.

माउंटिंगसाठी ॲडॅप्टर प्लेट मिळतात. त्यांच्या वेगवेगळ्या प्रकारांनी इंजिन पुढे-मागे सरकतं. इथे लोक घाई करतात. इंजिन जितकं मागे तितकं वजनाचं संतुलन चांगलं हे खरं, पण मागच्या बाजूला फायरवॉल, हीटरची पेटी आणि हेडच्या मागचे बोल्ट आहेत. कॉइल, वायरिंगचे कनेक्टर आणि जुन्या पिढीत मागे बसणारा कॅम सेन्सर काढायला हात जाईल एवढी जागा ठेवा.

बेल्टच्या बाजूचा गुंता वेगळाच. एलएसमध्ये पुलीची तीन वेगवेगळी अंतरं आहेत: ट्रकची सगळ्यात पुढे, कॉर्व्हेटची सगळ्यात आत, आणि १९९८ ते २००२ च्या कॅमारोची त्यांच्या मध्ये. क्रँकची पुली, वॉटर पंप आणि ब्रॅकेट एकाच मापाचे हवेत. ट्रकचा एसी कॉम्प्रेसर उजवीकडे खाली असतो आणि तो शेव्हेलच्या चासीला लागतो. एसी हवा असेल तर कॉम्प्रेसर वर नेणारे ब्रॅकेट घ्या, चासी कापू नका.

ट्रकचा प्लॅस्टिकचा इनटेक उंच असतो. बॉनेटच्या आत मातीचे गोळे चिकटवून ते हलक्या हाताने बंद करा. गोळा किती दबला त्यावरून खरं अंतर कळतं. कमी पडलं तर कॅमारोचा बुटका इनटेक बसवा.

गिअरबॉक्स

ट्रकबरोबर आलेला ४एल६०-ई चार गिअरचा ऑटोमॅटिक बहुतेकांना पुरेसा आहे. तो शेव्हेलच्या बोगद्यात (गिअरबॉक्ससाठी गाडीच्या तळात ठेवलेल्या उंचवट्यात) फारशी ठोकाठोक न करता बसतो. मागचा क्रॉसमेंबर तेवढा सरकवावा लागतो. सहा गिअरचा टी५६ मॅग्नम हवा असेल तर बोगदा कापून उंच करावा लागतो, हायड्रॉलिक क्लच बसवावा लागतो, आणि बेलहाउसिंग (गिअरबॉक्स इंजिनाला जोडणारं घंटेसारखं कवच) क्रँकच्या मध्याशी जुळतं का हे डायल इंडिकेटरने तपासावं लागतं. सुईची एकूण हालचाल ५ थाउच्या (इंचाच्या पाच हजारांशांच्या) आत हवी. हे तपासणं टाळलं की इनपुट बेअरिंग लवकर आवाज करू लागतं आणि दोष गिअरबॉक्सवर येतो.

टीएच३५० हा जुना तीन गिअरचा ऑटोमॅटिक ठेवायचा विचार असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. बेलहाउसिंगचा एक बोल्ट सोडला तर बाकीचे जुळतात, पण एलएसच्या क्रँकचं मागचं टोक जुन्यापेक्षा सुमारे ०.४ इंच आत असतं. त्यासाठी स्पेसर, लांब बोल्ट आणि योग्य फ्लेक्सप्लेट (क्रँकला कन्व्हर्टर जोडणारी चकती) लागते.

ऑटोमॅटिक बसवताना कन्व्हर्टर पंपात पूर्ण आत गेला आहे याची खात्री करा. फिरवत आत ढकलताना तो टप्प्याटप्प्याने आत सरकल्याचं हाताला कळतं. बेलहाउसिंग ब्लॉकला हाताने पूर्ण टेकलं पाहिजे. टेकत नसेल तर बोल्ट आवळून ओढून घेऊ नका, पंप फुटतो. टेकल्यावर कन्व्हर्टर आणि फ्लेक्सप्लेटमध्ये साधारण ३ ते ५ मिलिमीटर फट राहते आणि कन्व्हर्टर हाताने मोकळा फिरतो.

चौथ्या गिअरचं गुणोत्तर ०.७० असल्यामुळे मागच्या ॲक्सलचा हिशेब बदलतो. जुन्या तीन गिअरमध्ये ३.३१ चा ॲक्सल असेल, चाक साडेसव्वीस इंचाचं असेल, तर ताशी ७० मैलांना इंजिन २९४० च्या आसपास फिरतं. तोच ॲक्सल ३.७३ चा केला आणि ओव्हरड्राइव्ह आला की त्याच वेगाला आकडा २३२० वर येतो. उठाव वाढतो आणि हायवेवर आवाजही कमी होतो. माझ्या मते या सगळ्या खटाटोपातला खरा फायदा इथे आहे, इंजिनाच्या आकड्यात नाही.

प्रोपेलर शाफ्ट आणि कोन

शाफ्टचं माप घ्यायचं ते गाडी चाकांवर उभी असताना, टाकी आणि सगळं वजन असताना. घोड्यांवर चासी टेकवून, ॲक्सल लोंबकळत ठेवून घेतलेलं माप चुकीचंच येतं. पुढचं स्लिप योक (गिअरबॉक्समध्ये सरकणारं शाफ्टचं टोक) पूर्ण आत घालून सुमारे एक इंच बाहेर काढा, आणि तिथून मागच्या जॉइंटपर्यंत मोजा. शाफ्ट कापून बॅलन्स करणाऱ्याकडेच द्या.

गिअरबॉक्सचं शेपूट साधारण ३ अंश खाली असतं. मागच्या डिफरेन्शिअलचा पिनियन त्याला समांतर ठेवायचा. म्हणजे दोन्ही जॉइंट सारख्याच कोनात, पण विरुद्ध दिशेने काम करतात आणि एकमेकांची थरथर मारून टाकतात. शेव्हेलच्या मागे चार आर्मची, कॉइल स्प्रिंगची रचना आहे. रबराचे बुश असतील तर जोर पडल्यावर पिनियन थोडा वर उचलला जातो. म्हणून उभ्या गाडीत तो समांतरपेक्षा एक-दोन अंश खाली ठेवतात. मूळचे वरचे आर्म पक्क्या मापाचे आहेत, त्यामुळे हा कोन बदलायला लांबी कमी-जास्त करता येणारे आर्म लागतात.

ताशी ६० मैलांना येणारी बारीक थरथर टायरची समजून लोक चाकं पुन्हापुन्हा बॅलन्स करून आणतात. आधी कोन मोजा.

पेट्रोल

कार्ब्युरेटरला ५ ते ७ पीएसआय (चौरस इंचाला पौंड) दाब पुरत होता. एलएसला ५८ लागतो. म्हणजे जुना मेकॅनिकल पंप, जुनी गंजलेली लाइन आणि साधे रबरी पाइप यातलं काहीही चालणार नाही. साधा पाइप या दाबाला फुगतो, क्लॅम्पखालून पाझरतो, आणि शेजारी गरम एग्झॉस्ट असतो.

आत पंप आणि पेट्रोलची हिंदकळ अडवणारे पडदे असलेली नवी टाकी घ्या. चासीवर बाहेरून लावलेला पंप स्वस्त पडतो, पण आवाज करतो आणि पेट्रोल कमी असताना वळणावर हवा ओढतो. दाब ठरवण्यासाठी एक सोपी युक्ती रुळली आहे: १९९९ ते २००३ च्या कॉर्व्हेटचं फिल्टर. त्यातच रेग्युलेटर आहे. पंपाची लाइन आत, परतीची लाइन टाकीकडे, आणि पुढे इंजिनाकडे एकच नळी, ५८ पीएसआयची. फिल्टर टाकीजवळ बसवला की परतीची लाइन हातभर लांबीची होते.

इंजेक्शनसाठीच बनवलेले पाइप आणि क्लॅम्प वापरा. पंपाला रिलेतून करंट द्या आणि रिले ईसीएमच्या ताब्यात ठेवा, म्हणजे इंजिन बंद पडलं की पंपही थांबतो. धडकेत पंप तोडणारा इनर्शिया स्विच लावा. या भागाचं काम चालू असताना बॅटरी सुटी आणि अग्निशामक हाताशी, हे सांगायची गरज नसावी.

पाणी

एलएसचा थर्मोस्टॅट वॉटर पंपाच्या आत येणाऱ्या, म्हणजे थंड बाजूला असतो, आणि दोन्ही मोठे होज उजवीकडे. दोन्ही तोंडं उजव्या बाजूला असलेला ॲल्युमिनियमचा रेडिएटर घेतला तर होज सरळ जातात. जुन्या रेडिएटरला वेडेवाकडे होज जोडण्यापेक्षा हे शहाणपणाचं.

हेडमधून निघणारी बारीक वाफेची नळी कधीही बंद करू नका. ती रेडिएटरच्या वरच्या भागाला किंवा एक्स्पान्शन टाकीला जोडायची. हेडमध्ये अडकलेली वाफ तिथून बाहेर पडते. ती बंद केली तर काट्यावर तापमान ठीक दिसत असतानाही हेडमध्ये एका जागी पाणी उकळत राहतं.

कूलंट भरताना गाडीचं नाक वर करा आणि हीटर चालू ठेवा. इलेक्ट्रिक पंख्यांच्या वायरी जाड घ्या आणि फ्यूज पंख्याच्या खऱ्या करंटप्रमाणे.

वायरिंग

इथे लोक घाबरतात, तितकं कारण नाही. हार्नेसमधून ट्रकचे एअरबॅग, चारचाकी ड्राइव्ह आणि टाकीवरचे सेन्सर यांच्या वायरी काढून टाकल्या की उरतं ते मोजकं: कायमचं बारा व्होल्ट, किल्लीचं बारा व्होल्ट, अर्थ, पंपाचा रिले, पंखे आणि निदानाचा सॉकेट. सोलून काढायचा कंटाळा असेल तर तयार हार्नेस मिळतात.

किल्लीची वायर निवडताना जपा. शेव्हेलमध्ये जुन्या कॉइलकडे जाणारी वायर मुद्दाम रेझिस्टन्सची होती, पॉइंट जळू नयेत म्हणून. ती ईसीएमला दिली तर व्होल्टेज कमी पडतं आणि गाडी कधी सुरू होते, कधी नाही. फ्यूज बॉक्समधून अशी वायर घ्या जिच्यात किल्ली चालू असतानाही आणि सेल्फ मारतानाही पूर्ण करंट राहतो. बऱ्याच वायरींचा करंट सेल्फ मारताना तुटतो. मीटर लावून, दुसऱ्याला किल्ली फिरवायला सांगून खात्री करा.

अर्थिंगचे पट्टे तीन ठिकाणी: बॅटरी ते ब्लॉक, ब्लॉक ते चासी, चासी ते बॉडी. रंग खरवडून, धातूला धातू. विचित्र, न सापडणारे दोष बहुतेक वेळा इथूनच निघतात.

ईसीएममधलं चोरीविरोधी कुलूप ट्यून करणाऱ्याकडून काढून घ्या, नाहीतर इंजिन दोन सेकंद चालून बंद पडतं. जुना काट्यांचा डॅशबोर्ड ठेवायचा तर तेलाच्या आणि तापमानाच्या सेंडरसाठी मेट्रिक आट्यांचे ॲडॅप्टर लागतात. ४एल६०-ई मध्ये स्पीडोमीटरची केबल नाही, सिग्नल विजेचा आहे. जुना काटा फिरवणारी छोटी मोटरची पेटी मिळते.

एग्झॉस्टबद्दल थोडक्यात: ट्रकचे मॅनिफोल्ड चासीला लागण्याची शक्यता जास्त, शेव्हेलसाठीचे हेडर (नळ्यांचे मॅनिफोल्ड) घ्या. ऑक्सिजन सेन्सर नळीच्या वरच्या अर्ध्यात, थोडे तिरके लावा, म्हणजे त्यांत पाणी साचत नाही.

आणि ब्रेक. चारही ड्रम असलेल्या गाडीत ही ताकद घालू नका. पुढे डिस्क, दोन भागांचा मास्टर सिलिंडर, सगळे स्टीलचे पाइप नवे.

पहिल्यांदा सुरू करताना

पंपाचा आणि इंजेक्टरचा फ्यूज काढून, प्लग काढून, ऑइल प्रेशर दिसेपर्यंत सेल्फ मारा. एका वेळी दहा-पंधरा सेकंद, मध्ये सेल्फला थंड होऊ द्या. मग प्लग आणि पंपाचा फ्यूज लावा, किल्ली चालू करा, ५८ पीएसआय येतो का पाहा आणि टॉर्च घेऊन प्रत्येक जोडावर हात फिरवा. कोरडं असेल तरच इंजेक्टरचा फ्यूज.

सुरू झालं की आधी तेलाचा काटा. गरम इंजिनात १००० आरपीएमला ६, २००० ला १८ आणि ४००० ला २४ पीएसआय ही कारखान्याची किमान मर्यादा. पंखे आपोआप लागेपर्यंत इंजिन चालू ठेवा, होज दाबून पाहा, गिअरबॉक्सचं तेल चालू इंजिनावर, गरम असताना पुन्हा भरा. त्यानंतर स्कॅनरने क्रँक सेन्सरची नव्याने शिकवणी, आणि मग खरं ट्यूनिंग.

पहिले काही मैल घराजवळच. परत आल्यावर हेडर, गिअरबॉक्सचं माउंटिंग आणि शाफ्टचे बोल्ट पुन्हा आवळा.

कागद

मिशिगनमध्ये खाजगी गाड्यांची धुराची तपासणी होत नाही. कॅलिफोर्नियात १९७५ आणि त्याआधीच्या पेट्रोल गाड्यांना सूट आहे, म्हणून १९७२ ची शेव्हेल सुटते. १९७६ आणि त्यानंतरच्या गाडीत तिथे इंजिन गाडीच्याच किंवा त्यानंतरच्या वर्षाचं, सगळ्या धूरनियंत्रण साधनांसह लागतं आणि सरकारी रेफरीकडून तपासून घ्यावं लागतं. अशांसाठी जनरल मोटर्सने ई-रॉड नावाचे प्रमाणित संच काढले. विमा कंपनीला बदल कळवा आणि ठरीव मूल्याची पॉलिसी घ्या, कारण साधी पॉलिसी या गाडीला पन्नास वर्षांची जुनी मोटार समजून पैसे देते.

भारतात कुणी अशीच कल्पना जुन्या गाडीबाबत मनात धरत असेल तर हिशेब वेगळा आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. इंजिन विकत घेण्याआधी आरटीओकडे लेखी विचारा आणि उत्तरही लेखीच घ्या.